आजीची स्तुती आणि आजीसाठी प्रार्थना

नव्या करारात 'आजी' हा शब्द एकदाच आला आहे. संत पौल बंदिवासातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, दुसरे पत्र लिहितात आणि त्याच्या निष्कपट विश्वासाचा उगम सांगताना त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांची नावे घेतात. लोईस किती वर्षे जगली, लुस्त्र नगरात तिचा संसार कसा होता, युनीके तिची लेक की सून, आणि दोघींचे पटत होते की नाही, ह्यांपैकी एकही गोष्ट पौलांनी सांगितलेली नाही. तिच्या ठायी विश्वास होता, एवढेच सांगून ते पुढे जातात. इतक्या मोजक्या शब्दांत कोणा आजीचे स्मरण आजवर झाले नसेल.

आम्ही मराठी ख्रिस्ती माणसे मात्र आजीविषयी मोजके बोलत नाही. आपल्या नियतकालिकांत, धर्मग्रामांच्या स्मरणिकांत, वर्षश्राद्धाच्या पत्रकांत आजींवरचे लेख नित्य येत असतात. ते आम्ही आवडीने वाचतो. परंतु पुष्कळ वाचल्यानंतर एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की ह्या सर्व आजी एकमेकींसारख्या असतात. पहाटे उठणाऱ्या, हाती जपमाळ असलेल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने न पाठवणाऱ्या. लेखाखालचे नाव झाकले तर कोणत्या घरातील आजी हे ओळखता येऊ नये. २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिवस पाळण्यास आरंभ केला, तेव्हापासून प्रवचनांतही हीच आजी अवतरू लागली आहे. संत योआकीम व संत अन्ना ह्यांच्या सणाच्या आगेमागे येणारा हा दिवस चांगला आहे. त्या दिवशीची प्रवचने मात्र भेटकार्डावर छापावीत अशी होतात.

प्रेमापोटी थोडी अतिशयोक्ती झाली तर बिघडले कोठे, असे वाचक विचारतील. आमच्यापुढे प्रश्न आहे तो निराळा. आजी निर्दोष होती असे आपण मनापासून मानत असू, तर तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी आपण मिस्सा कशासाठी अर्पण करतो? आणि मिस्सा अर्पण करतो त्याअर्थी तिला क्षमेची गरज आहे हे मान्य करत असू, तर ती गरज आपल्या स्मरणात कोठे दिसते? सकाळी वेदीपुढे एक आजी आणि सायंकाळी श्रद्धांजलीच्या सभेत दुसरीच आजी, असे होत असेल तर ह्या दोहोंपैकी आपण खरोखर कोणावर प्रेम केले?

ख्रिस्तसभेचा ह्याविषयीचा दंडक पुष्कळांना ठाऊक नसतो. अंत्यविधीच्या मिस्सेत लहानसे प्रवचन असावे, पण ते कोणत्याही प्रकारे मृताचे गुणगान होऊ नये, असे मिस्सेच्या नियमावलीत स्पष्ट सांगितले आहे. ऐकणाऱ्याला हे कोरडे वाटते. "फादर, दोन शब्द आईबद्दल बोला," असे डोळे पुसत सांगणाऱ्या मुलाला नियमावली दाखवणारा धर्मगुरू आम्ही तरी पाहिलेला नाही. पण नियमामागे कारण आहे. त्या दिवशी आपण प्रशस्तिपत्रक घेऊन देवापुढे उभे नसतो. एकशे तिसाव्या स्तोत्रातील धावा करत, क्षमेची याचना करत उभे असतो. याचकाने आपल्या माणसाच्या गुणांची यादी वाचू लागणे त्या जागी शोभत नाही.

आणखीही एक अडचण आहे, तिची वाच्यता फारशी होत नाही. ज्या वृद्धेचे पापनिवेदन आपण वर्षानुवर्षे ऐकले, तिच्या शवपेटीपाशी बोलताना धर्मगुरूला त्या ज्ञानातील एका अक्षराचाही आधार घेता येत नाही. दोष देण्यासाठी तर नाहीच, स्तुतीसाठीही नाही. चर्चमध्ये जमलेल्यांत कदाचित सर्वांत अधिक जाणणारा माणूस तोच, आणि गप्प राहण्यास बांधलेलाही तोच. म्हणून पुढे जी हकिकत आम्ही सांगणार आहोत ती केवळ कुटुंबीयांनी उघड सांगितलेली, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगत आहोत.

कोल्हापुरातील आमचा कॅथलिक समाज संख्येने लहान आहे. कोणाचे पूर्वज गोव्याहून, सावंतवाडीहून घाट चढून आले, कोणी आजरा-चंदगडकडचे, कोणी बेळगावचे, कोणी नगर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झाले. अशा विखुरलेल्या समाजात घराण्याचा इतिहास कागदांवर सापडत नाही. तो आजीच्या तोंडी असतो, आणि ती गेली की अर्धाअधिक तिच्याबरोबर जातो. ज्या आजींविषयी आम्ही लिहीत आहोत त्या राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जन्मल्या आणि सहस्रचंद्रदर्शन होऊनही पुढे बारा-तेरा वर्षे चालत्याबोलत्या राहिल्या. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच वर्षी त्या लग्न होऊन आजऱ्याहून शहरात आल्या. माहेरच्या घनसाळ तांदळाचा वास त्यांच्या स्वयंपाकघराला शेवटपर्यंत होता. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाने पहाटे घर हलले, तेव्हा पाच मुलांना कवेत घेऊन अंगणात उजाडेपर्यंत त्यांनी जपमाळ म्हटली. लॅटिनमधील मिस्सा ऐकत त्या वाढल्या होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत होऊ लागली, तेव्हा पुष्कळ वृद्धांनी नाके मुरडली. ह्या आजी मात्र म्हणाल्या, "आता देवाशी काय बोलणं चाललंय ते आपल्यालाबी कळतंय." १९८६ च्या फेब्रुवारीत पोप दुसरे जॉन पॉल पुण्यास आले, त्या वेळी एस्टीच्या गर्दीतून उभ्याने प्रवास करून त्या दर्शनाला गेल्या. उद्यमनगरात कामाला येणारी किती परगावची पोरे त्यांच्या हातचे जेवून मोठी झाली ह्याची मोजदाद नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली आणि निम्मे शहर पाण्यात गेले, तेव्हा नव्वदीच्या ह्या बाई छावणीतील लोकांसाठी भाकऱ्या थापायला बसल्या, आणि शेजारणींना त्यांच्या वेगाने थापता येईनात.

ह्यांतील एकही गोष्ट खोटी नाही. त्या गेल्या तेव्हा परधर्मीय शेजारीपाजारीही हुंदके देऊन रडले.

पहिल्या वर्षश्राद्धाला मुलांनी लहानशी स्मरणिका काढायचे ठरवले आणि प्रस्तावनेसाठी मजकूर आमच्याकडे पाठवला. त्यात एक वाक्य होते: त्यांच्या दारातून कधी कोणी विन्मुख गेले नाही. असे वाक्य ह्या प्रकारच्या मजकुरात असतेच. आपण ते वाचतही नाही, त्यावरून डोळे फिरवतो. पण घरातल्या एका नातीने त्यावर बोट ठेवले. "आत्या गेली ना," ती म्हणाली. "बारा वर्षं."

हकिकत अशी होती. थोरल्या मुलीने घरच्यांच्या इच्छेविरुद्ध परधर्मीय मुलाशी लग्न केले. आजींनी दार बंद केले. दोन बाळंतपणे झाली, त्यांनी नातवंडांचे तोंड पाहिले नाही. मध्यंतरी आजोबा वारले. ही मुलगी दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी राहिली आणि आईने तिला आत बोलावले नाही. पुढे दार उघडले, येणेजाणे सुरू झाले, सणाला नेवऱ्या आणि कुलकुलांचा डबा जाऊ लागला. मात्र त्या बारा वर्षांविषयी आजींच्या तोंडून कधी ब्रही निघाला नाही. अखेरच्या काही वर्षांत सायंकाळच्या जपमाळेत त्या थोरलीचे नाव मोठ्याने घेत, इतर चौघांचे मनातल्या मनात. ह्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

नातीच्या बोलण्यावर थोरले चिरंजीव संतापले. आईची बदनामी छापायची काय, असे त्यांनी विचारले. नातीचे म्हणणे एवढेच होते की तिला काही छापायचे नाही. ते एक वाक्य खोटे आहे, ते काढावे. आत्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे की. माझ्याखेरीज सगळ्यांसाठी ते खरंच होतं."

आम्हांला वाटते, आमचा सारा नैतिक प्रश्न त्या बाईंच्या ह्या उत्तरात आला आहे.

थोरल्या चिरंजीवांची बाजू आधी पाहू, कारण ती हलकी नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हा संकेत आपल्या समाजात जितका जुना तितकाच इतरत्रही जुना आहे. प्राचीन ग्रीसमध्ये तो सात शहाण्यांपैकी एक, स्पार्टाचा खिलोन, ह्याच्या नावावर सांगत. मृताला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्यावर आरोप करणे भ्याडपणाचे आहे, असा त्यातील विचार. आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही (१९९२) हे बजावले आहे की, एखाद्याचे खरे दोषसुद्धा, ज्यांना ते ठाऊक नाहीत अशांपुढे सबळ कारणावाचून उघड करणे हे पाप आहे. माणूस मेला म्हणून त्याचा नावलौकिकाचा हक्क संपत नाही. स्मरणिका पाचशे घरांत जाते. त्या पाचशे घरांना बारा वर्षांची कहाणी कळण्याचे काहीही कारण नव्हते.

पण दोष न सांगणे एक आणि दोष नव्हताच असे सांगणे दुसरे. ह्या दोहोंमधील रेघ संत थॉमस अक्वायनस ह्यांनी फार नेमकी आखली आहे. कोणाचे भले व्हावे म्हणून बोललेले असत्यही असत्यच, असे त्यांचे मत आहे. मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवण्यास ते मुभा देतात. स्मरणिकेत त्या लग्नाविषयी अक्षर न लिहिणे हे झाकणे झाले. 'कधी कोणी विन्मुख गेले नाही' हे असत्य झाले. आणि ते सर्वांच्या दृष्टीने निरुपद्रवी असले तरी एका वाचकाला ते सांगत होते की, तू फाटकाबाहेर उभी होतीस ती उभी नव्हतीसच. जिच्यावर अन्याय झाला तिला आठवणीतूनही बाहेर काढायचे, आणि तेही आईच्या प्रेमाखातर, हा दुसरा अन्याय झाला असता. बाई स्वतः 'राहू दे' म्हणाल्या. ते त्यांचे औदार्य. दुसऱ्याच्या औदार्यावर आपण आपले असत्य उभारू नये, असे आम्हांला वाटते.

शिवाय ज्या घराला सर्व ठाऊक आहे त्या घरात झाकायचे कोणापासून? बाहेरच्यांपुढे मौन हे कर्तव्य असेल. पण आतल्या आत, जपमाळेनंतर दिवा मंद करून बोलणाऱ्या भावंडांत, तेच मौन कुजू लागते. मग नातवंडांच्या वाट्याला अशी आजी येते जिने कधी चूक केली नाही, आणि अशी एक आत्या येते जिच्याकडे पाहून मोठी माणसे विषय बदलतात. मुले मूर्ख नसतात. आजीची मूर्ती जितकी पांढरी करावी तितकी त्या मूर्तीमागची सावली त्यांना ठळक दिसते.

आजीविषयी, आणि स्वतःविषयी, सरळ कसे लिहावे ह्याचा मराठीतील धडा आपल्याला प्रोटेस्टंट बंधूंच्या घरातून मिळाला आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःची भीती, हट्ट, अडाणीपण, ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परत आल्यावरही काही काळ सांभाळलेले आपले सोवळे, सारे हसत हसत सांगून टाकले. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी पुढे त्या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली, १९८९ साली. आजीला कोठे झाकून घेण्याची गरज नातवाला भासली नाही. आजीनेच ती ठेवली नव्हती म्हणा.

परंतु कॅथलिक वाचकाला ह्याहून जुना आणि ह्याहून अवघड दाखला देता येतो. संत मोनिका ह्यांना आपण संत ऑगस्टीन ह्यांची माता म्हणून ओळखतो. त्या कोणाच्या तरी आजीही होत्या, हे सहसा लक्षात येत नाही. ऑगस्टीनचा मुलगा अदेओदातुस ह्याच्या. त्या नावाचा अर्थ 'देवाने दिलेला'. आपण त्याला सरळ देवदत्त म्हणू शकतो, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या मुलाचे नाव. ३८७ साली पुनरुत्थानाच्या सणाला मिलानमध्ये बाप-लेकाचा स्नानसंस्कार झाला, आणि त्याच वर्षी आफ्रिकेला परत निघाले असता रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका तापाने वारल्या. वय ५६. तेथील चर्चशेजारी १९४५ साली खड्डा खणणाऱ्या दोन मुलांना त्यांच्या थडग्यावरील लेखाचा तुकडा सापडला.

ऑगस्टीन ह्यांनी आपल्या 'कबुली' ह्या ग्रंथाच्या नवव्या खंडात आईचे जे स्मरण लिहिले आहे त्याच्यासारखे दुसरे नसेल. आणि त्या स्मरणात ते काय सांगतात? लहानपणी तळघरातून द्राक्षारस काढून आणताना घोट घोट पिण्याची तिला लागलेली सवय, आणि दासीने तिला त्यावरून मारलेला टोमणा. आधीच्या खंडांतही त्यांनी हात आखडलेला नाही. मुलाचे वेळीच लग्न करून दिले तर त्याच्या शिक्षणात आडकाठी येईल, म्हणून आईने ते टाळले. आणि पुढे लग्न जुळवण्याची खटपट केली ती मुख्यत्वे आईनेच, असे ते लिहितात. त्या ठरलेल्या लग्नाच्या आड येते म्हणून, जिच्याशी त्यांनी अनेक वर्षे संसार केला होता ती स्त्री, देवदत्ताची आई, त्यांच्यापासून दूर केली गेली. ती मुलाला बापाजवळ ठेवून एकटी आफ्रिकेला परतली. तिचे नावही त्यांनी लिहिलेले नाही. आईची खटपट आणि त्या स्त्रीची पाठवणी ह्या दोन गोष्टी थोड्याच पानांच्या अंतराने येतात. त्यांची जोड घालून आईला दोष देणारे वाक्य मात्र ते लिहीत नाहीत. लपवतही नाहीत. संत थॉमस ह्यांनी आठशे वर्षांहून अधिक काळाने आखलेली रेघ ती हीच.

मग शेवटी, आईच्या सद्गुणांची मनसोक्त आठवण काढून झाल्यावर, ऑगस्टीन ते सद्गुण बाजूला ठेवतात. स्नानसंस्कारानंतर तिच्या तोंडून देवाज्ञेविरुद्ध एकही शब्द गेला नाही असे म्हणायला आपण धजत नाही, अशा आशयाचे ते लिहितात, आणि तिच्या पापांच्या क्षमेसाठी प्रार्थना करतात. तिनेही शेवटी देह कोठेही पुरा, पण वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच मागितले होते. तेच मागणे ते वाचकांपुढे ठेवतात: मोनिका आणि तिचा पती पत्रिक ह्यांचे स्मरण वेदीपुढे करा. आज आपण २७ ऑगस्टला तिचा सण पाळतो. तिला संत म्हणण्याची मोकळीक आपल्याला आहे. मुलाने ती स्वतःला घेतली नाही.

आजीचा प्राण गेला त्या क्षणी देवदत्त, पंधरा-सोळा वर्षांचा पोर, मोठ्याने रडू लागला आणि सर्वांनी त्याला गप्प केले, असेही त्या पानावर आहे. तो कोणासाठी रडत होता? समोरच्या आजीसाठी, हे तर उघडच. समुद्रापलीकडे गेलेल्या आईचीही आठवण त्यात होती काय, ह्याविषयी बाप काही सांगत नाही.

मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाइतकी जुनी आहे. यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी दोन हजार चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. तेही असे सैनिक, की ज्यांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले होते. दोष डोळ्यांना दिसला, म्हणून तर वर्गणी काढली. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००७ सालच्या आशेविषयीच्या परिपत्रकात शुद्धिस्थानाचा अर्थ सांगताना म्हटले आहे की, माणसांची आयुष्ये एकमेकांत गुंतलेली असतात, आणि दुसऱ्याच्या अंतःकरणाला स्पर्श करण्यास मृत्यूनंतरही उशीर झालेला नसतो. हे खरे असेल तर आजींच्या दारातील ती बारा वर्षे अजूनही हाती लागण्याजोगी आहेत. बंद दारासाठी आज मागितलेली क्षमा बंद दारापर्यंत पोहोचते. मात्र दार बंद होते हे कोणाला तरी आठवावे लागते.

स्मरणिकेतून ते वाक्य वगळले गेले. त्या जागी पुराच्या वेळच्या भाकऱ्यांची हकिकत आली. ती अधिक वाचनीय ठरली, हे थोरल्यांनीही कबूल केले. लग्नाविषयी काही छापले नाही. शेवटच्या पानावर पाचही मुलांची नावे वयाच्या क्रमाने आली, आणि थोरल्या मुलीच्या नावापुढे तिच्या पतीचेही.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात मुलांनी आजींच्या दीर्घायुष्याबद्दल देवाचे आभार मानणारी मिस्सा सांगितली. नातेवाईक पुष्कळ आले, जेवण झाले. आमच्या वहीत त्याच आठवड्यात आणखी एक मिस्सा नोंदलेली होती, सकाळच्या सहाची, आदल्या महिन्यात थोरल्या मुलीने येऊन सांगितलेली. हेतूच्या रकान्यात तिने लिहवून घेतले होते: आईच्या आत्म्याला क्षमा व शांती मिळावी म्हणून. त्या मिस्सेला ती एकटीच होती.

पुढल्या वर्षी थोरले चिरंजीव तारीख नोंदवायला आले. त्या तारखेवर बहिणीचे नाव आधीच होते. त्यांनी हेतूचा रकाना दोनदा वाचला. एका मिस्सेचे दान एकाकडूनच घ्यावे असा आमचा नियम आहे, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी विचारले की दान नको, पण ह्याच ओळीत आपले नाव घालता येईल काय. आम्ही घातले. नोट त्यांनी गरिबांच्या पेटीत टाकली आणि मिस्सेची वेळ सहाचीच आहे ना, हे पुन्हा एकदा विचारून ते गेले.